डबा हलवणारे काका

"हा धक्का माझा!" पडद्यावर आगगाडीचा डबा हलला की काका मांडीवर थाप मारून सांगत.

आमच्या सिल्व्हर पार्कच्या सोसायटीत गणपतीत एका संध्याकाळी तो जुना भुताचा सिनेमा लागायचाच. सगळी गोष्ट धावत्या गाडीत घडते. गाडी मात्र कधीच कुठे धावली नव्हती. घोडबंदरकडच्या एका शेडमध्ये प्लायवुडचा डबा ट्रकच्या ट्यूबांवर ठेवला होता. तरुणपणीचे काका आणि त्यांचे सोबती बाहेरून बांबू लावून तो हलवत. बाकीचे फांद्या घेऊन खिडकीसमोरून पळत.

"काका, तीच फांदी परत आली!"

"अरे, बजेटच एका झाडाचं होतं!"

तुम्ही म्हणाल, असल्या सिनेमात काय बघायचं? भीती तर नावालाही वाटत नसे. पण त्यात माणसांनी गाळलेला घाम दिसायचा. हल्लीच्या चकचकीत भुतांमध्ये मला तो सापडत नाही.

त्यातली हडळ म्हणजे आमच्या काकू. ठरलेली नटी आलीच नाही, तेव्हा कपडेपटात शिवणकाम करणाऱ्या या रत्नागिरीच्या मुलीला पांढरी साडी नेसवून डब्यात उभं केलं. ती पडू नये म्हणून काकांनी बांबूचा जोर कमी केला. म्हणून हडळ आली की सुसाट गाडी एकदम शहाण्यासारखी चालते.

"डायरेक्टर शिव्या घालत होता," काका सांगत, "पण लग्न जमलं ना!"

इथे हॉलभर हशा पिकायचा. सगळ्यांत मोठ्याने काकूच हसायच्या.

गेल्या वर्षी चैत्रात काकू गेल्या. गणपती आले, पण सिनेमा लावावा की नाही ते कुणालाच सुचेना. शेवटी काकांनाच विचारलं.

"लावा की," ते म्हणाले. "हलताना-बोलताना ती मला आता दुसरीकडे कुठे दिसणारे?"

काकू पडद्यावर आल्या. कुणीच हसेना. काका मागे वळले. "हसत का नाही रे? तिला काय वाटेल?" मग आम्ही हसलो, डोळे पुसत पुसत.

शेवट जवळ आला तसे काका उठले आणि लॅपटॉपपाशी गेले. "बस, इथेच बंद कर."

"काका, थोडाच राहिलाय."

"राहू दे. पुढे तिला गाडीतून खाली ढकलतात."

यंदा काकाही नाहीत. आम्ही सिनेमा लावला, पोटभर हसलो आणि तिथेच बंद केला. कुणाला सांगावं लागलं नाही.