कैद्याची कवळी

माझी आत्या कवळ्या करायची. डॉक्टर पुढच्या खोलीत पांढऱ्या दिव्याखाली बसायच्या, आत्या मागच्या खोलीत प्लास्टरच्या धुळीत. डॉक्टर तोंडाचं माप घ्यायच्या, आत्या त्या मापावरून साचा ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, आणि पंधरा दिवसांनी माणूस सफरचंद चावायला मोकळा. छत्तीस वर्षं तिनं हेच केलं. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं, तर ती आधी दात बघायची आणि मग माणूस. "वरचे माझे आहेत," असं मला कोपरानं ढोसून सांगायची.

दर गुरुवारी डॉक्टर आणि आत्या तुरुंगात जायच्या. फाटकावरचा शिपाई आत्याच्या मेणाच्या सुऱ्या आत जाताना मोजायचा आणि बाहेर येताना परत मोजायचा. तिथेच तिला इस्त्रीवाला भेटला. तुरुंगाच्या धुलाईखान्यात तो एकोणीस वर्षं इस्त्री करत होता. शिक्षा मात्र त्याहून जुनी होती. सत्तावीस वर्षांचा असताना त्यानं आपल्या गॅरेजमालकाचा पान्यानं खून केला. आता वय अठ्ठावन्न आणि तोंडात दात शून्य.

"इतकी वर्षं काढलीस, आता कशाला हवेत दात?" आत्यानं विचारलं. ती पेशंटांना असंच विचारायची.

तो काहीतरी बोलला. आत्याला बोळक्या तोंडाची भाषा समजायची, पण त्याची तिलाही दोनदा ऐकावी लागली. दोन वर्षांपूर्वी तो पॅरोल समितीपुढे उभा राहिला होता आणि अकरा मिनिटं बोलला होता. नोंदीत तीन ठिकाणी लिहिलं गेलं, 'कैद्याचे म्हणणे अस्पष्ट'. निर्णयात आलं, 'पश्चात्ताप व्यक्त केल्याचे नोंदीवरून दिसत नाही. अर्ज फेटाळला.' आता दीड महिन्यानं पुन्हा तारीख होती.

"मग लिहून द्यायचं."

"दिलं होतं. वकिलांनी ठेवून घेतलं. म्हणाले, हे समितीला दाखवण्यासारखं नाही."

त्यात काय होतं, हे आत्यानं विचारलं नाही. नवे वकील तर कवळीच्याच विरोधात होते. बिनदातांचा म्हातारा निरुपद्रवी दिसतो, असं त्यांचं मत होतं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की तुरुंगाच्या नियमात दात बसतात, दिसणं बसत नाही.

नेमका त्याच सुमाराला नव्या कायद्याचा मसुदा आला. पंचवीस वर्षं आत काढलेल्या खुन्यांची शिक्षा न्यायाधीशांनी पुन्हा तपासावी की नाही, यावर रोज संध्याकाळी टीव्हीवर सहा माणसं एकाच वेळी बोलायची. आमचे आतोबा सातवे. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते टीव्हीला तोंडावर उत्तरं द्यायचे. "खून म्हणजे खून! पंचवीस काय नि पन्नास काय!" आत्या शेजारी बसून चष्म्यावरचं प्लास्टर नखानं खरवडत असायची.

मग एका वर्तमानपत्राला सुगावा लागला. पहिल्या पानावर मथळा आला, 'खुन्याला सरकारी दात!' खाली क्लिनिकचा फोटो होता आणि त्यात आत्याची अर्धी पाठ.

आतोबा नऊ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तर मला सांगायचे, "तुझ्या आत्याला म्हणावं, मीठ." आत्या हाताच्या अंतरावर असायची. क्लिनिकमध्ये फोन सुरू झाले. एक निवृत्त हेडमास्तर स्वतः आले, पेशंटांच्या देखत त्यांनी दोन्ही कवळ्या काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि निषेधाचं भाषण केलं. अर्थातच कुणाला काही कळलं नाही. सगळे मान डोलावत राहिले. आत्यानं कवळ्या धुतल्या, डबीत भरल्या, डबीवर त्यांचं नाव लिहिलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला हेडमास्तर डबी घेऊन गेले. आत्यानं ती त्यांच्या हातात दिली आणि वर म्हणाली, "उजवीकडे जरा घासून दिलंय. तुम्हाला टोचत होतं ना?"

त्याच आठवड्यात एक बाई मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. चाळिशीची, अंगात बस ड्रायव्हरचा गणवेश, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"त्या इस्त्रीवाल्याचे दात तुम्हीच करताय?"

आत्याच्या हातात तापलेली सुरी होती. तिनं ती बाजूला ठेवली. "हो."

"त्यानं मारला तो माझा बाप."

आत्यानं स्टूल पुढे सरकवलं. बाई बसली नाही.

"मागच्या वेळी मी समोर बसले होते," ती म्हणाली. "अकरा मिनिटं बोलला. सारखा माझ्याकडे बघून बोलत होता. मला एक शब्द कळला नाही. निकालात लिहिलंय की बाबांनी आधी हात उचलला, म्हणून याचा तोल गेला. आमच्या घरात सगळ्यांनी तेच धरून ठेवलंय. काका अजून म्हणतात, तुझा बाप हाताचा वाईट होता, ओढवून घेतलंन्. मी नऊ वर्षांची होते. मला आठवणारा माणूस आणि निकालातला माणूस जुळत नाहीत."

आत्यानं सुरी तापवायचा दिवा विझवला.

"म्हणजे माफबिफ काही करणार नाहीये मी. विरोध लिहूनच दिलाय. फक्त तो काय बोलतो ते मला ऐकू यायला हवं. दात चांगले करा."

"वरची कवळी बसलीय," आत्या म्हणाली. "खालची बोलताना सुटतेय. अजून एक गुरुवार लागेल."

"लावा," म्हणून ती बसवर गेली.

त्या गुरुवारी आत्यानं इस्त्रीवाल्याला एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावले. 'स' नीट फुटतो की नाही, हे बघायची तिची हीच रीत होती. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. सदुसष्टला शिट्टी वाजली. तिनं दात काढला, मेणात केसभर मागे सरकवला, पुन्हा म्हणायला लावलं. असं चौदा वेळा. पहाऱ्यावरच्या शिपायालाही पुढे पुढे आकडे पाठ झाले.

सुनावणी खुली होती. आतोबांनी जायचं ठरवलंच होतं, विरोध नोंदवायला. आत्याही निघाली. "कवळी सुटते का ते बघायचंय," एवढंच म्हणाली. नऊ दिवसांचा अबोला वाटेतच मोडला, कारण बसमध्ये दोघांना एकच आसन मिळालं आणि आतोबांना खिडकी हवी होती. मी मागे उभी होते.

समितीत तिघं होते. कोपऱ्यात टायपिस्ट. इस्त्रीवाला उभा राहिला. त्याच्या पँटची घडी सुरीसारखी होती.

आत्या नंतर मला म्हणाली, पहिल्या दोन-तीन वाक्यांत मी नुसते आवाज ऐकत होते. 'स' बरोबर होता, 'फ' बरोबर होता. अर्थ नंतर आला.

"मालकांनी हात उचलला असं निकालात आहे," तो म्हणाला. "ते खोटं आहे. मीच सांगितलं होतं. तसं सांगितलं तर फाशी टळेल, असं मला शिकवलं होतं. मालकांनी हात उचलला नाही. एका गाडीचे ब्रेक मी ढिले ठेवले होते. ते म्हणाले, माणूस मेला असता, उद्यापासून येऊ नकोस. तेवढंच म्हणाले. मी घरी गेलो. जेवलो. पाना घेऊन परत आलो आणि शटरपाशी थांबलो. वीस-पंचवीस मिनिटं. ते आत शीळ घालत होते."

वकिलांनी कपाळाला हात लावला.

टायपिस्टनं मान वर केली. "मध्ये 'जेवलो' म्हणालात?"

"हो. जेवलो."

टायपिस्टनं टाइप केलं. आतोबा विरोधाचा कागद घडी घालून घेऊन आले होते. तो तसाच त्यांच्या मुठीत राहिला. ड्रायव्हरबाई पहिल्या रांगेत ताठ बसली होती. तिचा चेहरा आम्हाला दिसत नव्हता.

अर्ज फेटाळला गेला. आता कारण असं होतं की गुन्हा रागाच्या भरात नसून ठरवून केल्याचं कैद्यानं स्वतः कबूल केलं. दुसऱ्या दिवशी सगळेच खूश. कायद्याच्या विरोधकांना कबुली मिळाली, समर्थकांना पश्चात्ताप. टीव्हीवरची सहा माणसं पुन्हा एकदम बोलली. आमच्या घरचा सातवा मात्र गप्प होता. तिसऱ्या दिवशी आत्या भांडी विसळता विसळता म्हणाली, "दात नसते तर सुटलाही असता, नाही?"

आतोबा म्हणाले, "नसता सुटला." मग एक ताट पुसून ठेवलं आणि म्हणाले, "काय माहीत."

पुढच्या गुरुवारी तिनं इस्त्रीवाल्याला विचारलं, "वाईट वाटतंय का?"

"डावीकडे टोचतंय," तो म्हणाला. तिनं कानस काढली. ती घासत असताना तो म्हणाला, "नोंदीत आलं ना पण सगळं?"

"आलं. मी स्वतः विचारून घेतलं टायपिस्टला."

कायदा पुढच्या वर्षी मंजूर झाला. शिक्षा फेरतपासणीला आलेल्या पहिल्या वीस जणांत इस्त्रीवाला होता. न्यायाधीशांनी ड्रायव्हरबाईला तिचं मत विचारलं. ती म्हणाली, सोडा असं मी म्हणणार नाही, सोडू नका असंही म्हणणार नाही. जुन्या निकालातली ती ओळ तेवढी खोडा. न्यायाधीश म्हणाले, जुना निकाल मला खोडता येत नाही, पण नव्या आदेशात लिहिता येईल. त्यांनी लिहिलं, 'मयताने हात उचलला नव्हता.' आणि शिक्षा चौतीस वर्षांवर आणली, म्हणजे तो पाच महिन्यांनी बाहेर येणार होता. आला. लांबच्या एका वृद्धाश्रमात तो राहतो आणि तिथले कपडे धुतो.

आदेशाची सही-शिक्क्याची प्रत मिळाल्यावर ड्रायव्हरबाई ती घेऊन काकांकडे गेली. काका ऐंशीचे. त्यांनी भिंग लावून ती ओळ वाचली, कागद परत दिला आणि म्हणाले, "ते तर मला पहिल्यापासून माहीत होतं. तुझा बाप मुंगीला दुखवायचा नाही."

हे सगळं तिनं आत्याला मागच्या खोलीत, चहा पिता पिता सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?" आत्यानं विचारलं.

"काय म्हणणार? त्यांना म्हटलं, परत म्हणा." तिनं कप खाली ठेवला. "तीनदा म्हणायला लावलं."