उरलेल्या पानांची वही

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी नववी संपली त्या उन्हाळ्यात आमच्या घरी दोन कामं एकदमच सुरू झाली: आंब्याच्या पेट्या भरणं आणि माझा दहावीचा सुट्टीतला क्लास. भाट्याच्या बाजूला आमची कलमांची बाग. पेट्या भरायला ज्या बाई यायच्या, त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. सकाळी मी रत्नागिरीत क्लासला जायचे, ती आमच्या पडवीत आंबे निवडायला बसायची. फळ नुसतं हातात घेऊन ती ते कुठल्या पेटीत जाणार ते सांगायची. आई तिचं फार कौतुक करायची. त्या कौतुकापायी ती दिवसभर कामाला अडकते, हे काही आमच्या डोक्यात आलं नाही.

दुपारी कामातून जेवणाची सुट्टी झाली की ती माझ्या वहीतलं बीजगणित उतरवून घ्यायची. तिची वही म्हणजे माझ्याच जुन्या वह्यांमधली उरलेली कोरी पानं, दाभणाने शिवलेली. पुठ्ठासुद्धा माझ्या सातवीच्या वहीचा, वर माझं नाव. जूनमध्ये शाळेत चाचणी होती. त्यात वर येणाऱ्या मोजक्या मुलांना शाळेतले गणिताचे सर वर्षभर फुकट शिकवणार होते. माझा क्लास होताच. तिला मात्र त्या चाचणीशिवाय दुसरा रस्ता नव्हता.

मे संपता संपता एक दिवस घरातली वर्तमानपत्रं संपली. पेटीत पेंढ्याखाली कागद हवाच. आईने पडवीच्या कोनाड्यातली एक जुनी वही उचलली, टराटरा फाडली आणि पेट्यांच्या तळाशी घातली. दुपारी पेट्या घेऊन टेंपो वाशीच्या बाजारात गेला.

संध्याकाळी ती कोनाडा चाचपत म्हणाली, "काकू, हितं माझी वही होती. बघितलीत काय?"

"तुझी? अगो, तिच्यावर तर हिचं नाव होतं!" आईने ती पेट्यांच्या तळाशी घातल्याचं सांगून टाकलं.

ती माझ्या दप्तराकडे बघायला लागली. माझी वही माझ्या दप्तरात होती आणि मी ढिम्म. चाचणी मलाही होती ना! आजही ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

शेवटी आईच माझ्यावर डाफरली, "वही काढ आधी! उद्यापासून दोघींनी इथेच अभ्यासाला बसायचं. आंब्यांचं मी बघते."

मग आई आणि तिची आई पेट्या भरायच्या आणि आम्ही गणितं सोडवायचो. दोनच दिवसांत कळलं, क्लासमध्ये बसून नुसतं उतरवून घेत होते ती मी. समजलं होतं ते तिला. माझी कितीतरी गणितं तिने दुरुस्त केली, तीही न हसता.

चाचणीत ती निवडली गेली, मी नाही. मला झोंबलंच. पेढे मात्र आईने वाटले, आणि तिच्यासाठी कोऱ्या वह्या आणून प्रत्येकीवर स्वतःच्या हाताने तिचं नाव घातलं.

दहावी झाल्यावर ती एक वही घेऊन आली. वर्षभरातली उरलेली पानं शिवलेली. "अकरावीला होईल गो तुला," म्हणाली. पुठ्ठ्यावर आईच्या अक्षरातलं तिचं नाव तसंच होतं. शेजारी तिने माझं लिहिलं होतं, आणि खाली खास आईसाठी, ठळक अक्षरांत: ही रद्दी नाही.