आठव्या घरातली मुंथा
ताज्या डिस्टेंपरचा वास आला की नौपाड्यातले ते गुरुजी आठवतात. मी त्यांचं घर रंगवत असताना त्यांनी आपुलकीने माझं वर्षफळ मांडलेलं, मी सांगितलेल्या शाळेतल्या जन्मतारखेवरून. जन्मावेळी सूर्य जिथे होता तिथे तो परत आला की नवं वर्ष लागतं आणि मुंथा, म्हणजे कुंडलीतला त्या वर्षाचा बिंदू, एक घर पुढे सरकते, असं ते म्हणाले. माझी मुंथा आठव्यात होती, मृत्यूच्या घरात. "यंदा उंचावर चढू नकोस रे बाळा." देवमाणूस; मी ऐकलं, वर्षभर खालचीच कामं धरली. वर्ष सरलं, दिवा स्टेशनजवळ टॉवर रंगवायला दोरांवरचा झुला मिळाला, तेव्हा खुशीत गावी आईला फोन केला. ती हसली, "आरं, शाळंत लवकर घ्यावं म्हणून मास्तरांनी तुझं वय एक वरीस वाढवून लावलेलं." तसाच गुरुजींकडे पळालो. त्यांनी बोटांवर घरं मोजली, चष्मा काढला. "मग सरलं ते सातवं. आठवं आता लागतंय." सकाळी ठेकेदार ओरडला, "चढतोस, का दुसरा बघू?" पोटासाठी चढलो. ते वर्षही निघून गेलं, पण आजही झुल्यावरून उतरलो की हात धुवायच्या आधी मी आईला फोन लावतो.