सुकलाल जॉबर आणि मधला शब्द

सुरतेतल्या बमरोलीच्या त्या कापड कारखान्यात सुकलाल जॉबरइतका हुशार माणूस नव्हता, आणि त्याच्याइतका संशयीही नव्हता. लूम, म्हणजे माग, बिघडला की ज्याला हाक मारायची, तो जॉबर. माणूस अमळनेरकडचा, वीस वर्षं सुरतेत राहिलेला, पण स्वतःच्या सावलीलाही विचारील, माझ्यामागे का येतेस म्हणून! चौऱ्याण्णव साली प्लेगच्या भीतीनं लोक पोरंबाळं उचलून गावाकडे पळाले. हा बाबा काय घेऊन पळाला? पाने आणि पकडी. फडक्यात बांधून, उशाशी घेऊन. आपल्यामागे कुणी हात मारला तर?

लूमचं टायमिंग लावायची त्याची एक खास रीत होती. धोटा अडकायला लागला की सुकलाल लूमखाली शिरायचा, नट सैल करायचा, आणि नेमका खरा हात चालवायची वेळ आली की ओरडायचा, "किसन, जा, चहा आण!" किसन त्याच्या हाताखालचा माणूस, बारा वर्षांचा. म्हणजे वयानं नव्हे हो, वय चाळिशीच्या पुढं. बारा वर्षं हाताखाली. किसन मुकाट्यानं जायचा. तो परत येईतो लूम खडखडत सुरू झालेला असायचा आणि चहा थंड झालेला.

"चहावाला काय नवापूरला बसतो का रे?" सुकलाल खेकसायचा. तरी तो थंड चहा पिऊन टाकायचा. विद्या झाकली होती ना, मग चहाचं काय!

शहाण्णव साली शेठनं जुने लूम भंगारात काढायचं ठरवलं. पाण्याच्या झोतानं धागा फेकणारे, वापरलेले जपानी लूम येणार होते, आणि त्यांच्यासोबत एक इंग्रजी पुस्तक. शेठनं सांगून टाकलं, नव्या मशीनवर दोनच माणसं राहतील. एक सुकलाल, पण पुस्तकात लिहिलंय तसं त्याला चालवता आलं तर. दुसरा माणूस सुकलालनं सुचवायचा. बाकीच्यांनी दुसरीकडे बघावं. इंजिनियर पंधरा दिवसांनी येणार होता.

सुकलाल चौथी शिकलेला. पण घरात सून होती, स्वाती, शिरपूरकडची, बारावी झालेली. मुलगा वाल्मिक इच्छापोरला ठेकेदाराकडे कामाला, रविवारीच घरी यायचा. तेव्हा रोज संध्याकाळी सासरा पुस्तक घेऊन बसला, सून डोक्यावर पदर घेऊन समोर, आणि मधे बायको भागीरथी तांदूळ निवडत.

"आबा, हे बघा," स्वाती म्हणाली, "मस्ट, कॅन, शुड, हा पहिला शब्द. ओपन, क्लीन, टच, हा कामाचा शब्द. या दोघांच्या मधे एक बारका शब्द बसतो. नेव्हर, ऑलवेज, ओन्ली. सगळा हुकूम त्या बारक्यात असतो. मस्ट ओपन म्हणजे उघडलंच पाहिजे. मस्ट नेव्हर ओपन म्हणजे चुकूनही उघडायचं नाही."

"मग या ओळीत मधे काय आहे?"

स्वाती ओळीवर बोट ठेवून थांबली. "हा उद्या सांगते."

झालं! सुकलालला संशय आला. उद्या? अर्थ ठाऊक असून उद्या? दुसऱ्या दिवशीही तेच. पहिला शब्द सांगायची, कामाचा सांगायची, आणि मधल्यापाशी आली की, "आबा, हा भाग मशीनमध्ये नक्की काय करतो?" असं विचारायची.

"तुले काय करनं शे?" सुकलाल फटकारायचा. भागाची विद्या सुनेला सांगायची? आज तिला, उद्या तिच्या भावाला! पोरगी मधला शब्द दाबून ठेवतेय, आणि बदल्यात माझी विद्या काढून घेतेय. सुकलालला हा डाव लगेच ओळखता आला. ओळखणार नाही तर काय, आयुष्यभर तोच खेळला होता.

त्यातच शेजारच्या सरलाबाईंनी सहज म्हटलं, "दुपारी किसनभाऊ येतात वाटतं तुमच्याकडे." सुकलालला रात्रभर झोप नाही. किसन! बारा वर्षं मान खाली घालून राहिलेला माणूस! म्हणतात ना, न बोलणाऱ्याच्या घागरीला तळ नसतो. सकाळी उठून तो थेट शेठकडे गेला. "दुसरा माणूस म्हणून माझ्या मेहुण्याचा दत्तू घ्या. किसन भरोशाचा नाही." शेठनं होकाराची मान हलवली.

त्याच दुपारी पोट दुखतंय म्हणून तो कारखान्यातून निघाला. घराच्या कोपऱ्यावर पाण्याचं पिंप होतं. चांगला पन्नाशीचा माणूस, चोरासारखा त्या पिंपामागे उकिडवा बसला. ओट्यावर भागीरथी तांदूळ निवडत होती. स्वातीच्या मांडीवर पुस्तक, आणि खालच्या पायरीवर किसन.

"या चाकाचं टायमिंग चुकलं तर धागा तुटतो, वहिनी," किसन सांगत होता. "आपल्या जुन्या लूमवरसुद्धा कंपनीचं माप चालत नाही. मास्तर चाक दीड दात मागं घेतात."

दीड दात! देवाशपथ, हे दीड दात सुकलालनं पोटच्या पोरालाही सांगितले नव्हते. तो पिंपामागून असा उठला की पिंपावरचं झाकण खाली पडलं.

"कधीपासून चोरतोस?"

स्वाती उठून उभी राहिली. "आबा, मीच बोलावलं त्यांना. ओळीत नेव्हर आहे एवढं मला कळतं, पण ते झाकणाला लागतं की चाकाला, ते भाग ओळखल्याशिवाय कसं सांगू? चुकीचं सांगितलं असतं तर तुमची बोटं गेली असती. तुम्हाला विचारलं, तुम्ही रागावलात."

सुकलालनं तिच्याकडे पाहिलंच नाही. "किसन, तुले इचारी राहिनू!"

किसन चप्पल पायात घालता घालता थांबला. "चोरलं नाही, मास्तर. पहिल्याच वर्षी एकदा चहा घेऊन लवकर आलो, तेव्हा दिसलं. तुम्ही लूमखाली होतात. मला बघून तुम्हाला वाईट वाटलं असतं, म्हणून दाराबाहेरच उभा राहिलो. मग रोजच उभा राहायचो, तुमचा हात होईपर्यंत."

"बाहेर? चहा घेऊन?"

"हां. त्यात चहा थंडा व्हई जाये."

भागीरथीनं सूप खाली ठेवलं. सुकलाल पायरीवर बसला, किसनच्याच शेजारी. बारा वर्षांचे शिव्या खाल्लेले सगळे कप त्याच्या डोळ्यांसमोर आले, आणि लाज वाटली त्याला, साफ लाज वाटली. ज्याला विद्या येत होती, त्यानं ती येत नसल्याचं सोंग केलं होतं, कोणासाठी? आणि आपण सकाळी शेठपाशी काय बोलून आलो!

तो तसाच उठून कारखान्यात गेला. शेठ वैतागला. "काले तो तमे कहेता हता, किसन भरोसानो नथी!"

"काल नाही, शेठ, आज सकाळीच म्हटलं. खोटं बोललो." सुकलालनं हात जोडले. "किसनचं नाव लिहा. त्याचं लिहिणार नसाल तर माझंही नको."

शेठनं लिहिलं. भागीरथीचा भाचा दत्तू राहून गेला, म्हणून पुढे महिनाभर ती सुकलालशी धड बोलली नाही. ते त्यानं निमूट सोसलं. संध्याकाळी मात्र तो स्वातीसमोर बसला आणि एकेक भाग कशाला असतो ते न विचारताच सांगू लागला. तिनं मधले शब्द भराभर भरले.

इंजिनियर आला त्या दिवशी पहिलं मशीन लावायचं होतं. सुकलालनं झाकणावरची ओळ बोट ठेवून वाचली, मधल्या शब्दासकट. मग टायमिंगची वेळ आली. इंजिनियर बघत होता, शेठ बघत होता, आणि किसन सवयीनं दाराकडे वळला होता.

"कुठं चाललास?" सुकलालनं पाना त्याच्या हातात दिला. "तू लाव. चहा मी आणतो."

तो गेला आणि जवळजवळ पळतच परत आला. किसनचं काम अजून चाललं होतं. सुकलाल आत शिरला आणि कप त्याच्यापाशी ठेवला. चहा अजून वाफाळत होता.