न उघडलेली फोल्डरं

आमच्या कामगार सल्ला केंद्रात त्यांना सगळे टायपिस्टबाई म्हणत. टायपिंग सोडून बाईंना अकरा वर्षं झाली होती. त्या केंद्राचा सर्व्हर सांभाळत, म्हणजे आमची सगळी कागदपत्रं ज्या एका मशीनवर होती ते मशीन. पण लोकांच्या जिभेला एकदा वळण पडलं की पडलं. बाईंनीही कधी दुरुस्ती केली नाही. कोर्टाबाहेर बाकड्यावर बसून लोकांचे अर्ज टाइप करण्यात त्यांची वीस वर्षं गेली. पुढे तो धंदा बसला. मग बाईंनी जुनी पुस्तकं आणून, सर्व्हर ज्याच्यावर चालतात ते लिनक्स स्वतःच शिकून घेतलं. शाळा न शिकता शिकलेल्या माणसाला मी लगेच ओळखतो, मी स्वतः त्याच जातकुळीचा. अशी माणसं कमी बोलतात नाहीतर फार बोलतात. मी फार बोलतो.

सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत होता. खिडकी नाही, एक पंखा, एक खुर्ची. दुसरी खुर्ची ठेवायला जागा होती, पण कधी लागली नाही. बाई राहायच्या शिंप्याच्या दुकानावरच्या एका खोलीत. एक बहीण होती, ती दर रविवारी फोन करायची आणि स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलून ठेवून द्यायची. हे मला बाईंनीच एकदा हसत सांगितलं होतं. "तिच्या गुडघ्यांची मला माझ्या गुडघ्यांपेक्षा जास्त माहिती आहे, भाऊ."

आमच्याकडे कामगार येत, जबाब देत. कंपनीत काय चालतं, कुणी काय केलं, कोण साक्ष देईल. ज्या कार्यकर्त्याकडे जबाब दिला, त्याच्या फोल्डरात तो राहायचा. अशी एकशे त्रेचाळीस फोल्डरं. प्रत्येकाला आपापलं कुलूप होतंच, पण त्यावर आणखी एक पहारा होता, एसईलिनक्स नावाचा. बाईंनी तो मला असा समजावला होता: "कुलूप विचारतं, हे फोल्डर कुणाचं? पहारा विचारतो, हा प्रोग्राम कोण, आणि याला या जातीच्या वस्तूला हात लावायची परवानगी आहे का? प्रत्येक फाइलवर एक लेबल असतं. पहारा फक्त लेबल वाचतो. मालकाचं नाव सांगून त्याच्यापुढे काही उपयोग नाही."

मला तेव्हा ते फाजील वाटलं होतं. दोन वर्षांपूर्वी प्रिंटर अडला म्हणून मीच आरडाओरडा करून एक दुपारभर तो पहारा बंद करायला लावला. त्याच दुपारी आमच्या वेबसाइटच्या फटीतून कुणीतरी आत शिरलं आणि थेट लोकांच्या फोल्डरांत पोचलं. नऊ कामगारांची नावं कंपनीला कळली. नऊही जण महिन्याभरात घरी बसले. बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता त्या सोमवारचं सांगतो.

जुनी डिस्क भरली होती, म्हणून बाईंनी रविवारी एकटीने सगळी फोल्डरं नव्या डिस्कवर हलवली. सोमवारी सकाळी कुणालाच आत जाता येईना. बाहेरून आत यायला आम्ही पासवर्ड वापरत नसू. प्रत्येकाची डिजिटल किल्ली होती आणि तिची जोडी त्याच्याच फोल्डरात असायची. दारावरचा प्रोग्राम ती जोडी बघून आत सोडायचा. त्या दिवशी तो सगळ्यांना एकच उत्तर देत होता: परवानगी नाही.

दोन वाजता कोर्टातून आमच्या वकीलताईंचा फोन आला. "मला जबाब उतरवून घेता येत नाहीये! पाच वाजता खिडकी बंद होते. आज दाखल झाला नाही तर मुदत संपली, केस मेली."

जबाब होता एका पॅकिंगवालीचा. पाच महिन्यांची पोटुशी असताना तिला बारा तास उभं ठेवलं होतं, त्याची केस. तीस पानं, आणि त्यात तिच्याबरोबर साक्ष द्यायला तयार झालेल्या सातजणींची नावं. त्या सातजणी अजून कामावर होत्या. नावं बंद लिफाफ्यात थेट न्यायाधीशांकडे जायची होती. ती पॅकिंगवाली सकाळपासून आमच्या बाकावर बसून होती. बाईंनी तिला दोनदा चहा नेऊन दिला होता.

अध्यक्ष जिन्याखाली आले, मी त्यांच्यामागे.

"टायपिस्टबाई, तो पहारा बंद करा."

"नाही."

"एका ओळीचं काम आहे ना?"

"म्हणूनच नाही."

"मग तुमच्याकडे सगळ्यांची मास्टर किल्ली आहे. वकीलताईंचं फोल्डर उघडा, जबाब काढा, मी गाडीने पाठवतो."

बाईंनी खुर्ची वळवली. "अकरा वर्षांत मी कुणाचं फोल्डर उघडलेलं नाही. कुंपणानंच शेत खायचं ठरवलं तर लोकांनी जायचं कुठे?"

"अहो, वाचू नका! नुसता काढा!" मी ओरडलो. "वरातीमागून घोडं नेऊन काय करायचंय?"

"छापताना पान डोळ्यांसमोर येतंच, भाऊ. इथे प्रिंटरपाशी चारजण उभे असतात. मागच्या वेळी नऊ नावं गेली. आठवतं?"

मला आठवत होतं. अध्यक्षांना ऐकायची सवय नव्हती, त्यांनी पॅकिंगवालीलाच आत बोलावलं. "तुझाच जबाब आहे. तू हो म्हण, म्हणजे बाईंचा प्रश्न मिटला."

ती दारातच उभी राहिली. तिनं अध्यक्षांकडे पाहिलं, मग बाईंकडे. "माझं काय आहे ते खुशाल उघडा, साहेब. माझं झाकायचं उरलंय काय? पण त्या सातजणींच्या वतीनं मी कोण हो म्हणणार? त्यांना मी शब्द दिलाय."

"मग बस पाच वाजेपर्यंत!" अध्यक्ष पाय आपटत वर गेले.

मी थांबलो. मला वाटलं, बाई आता रडतील. त्यांनी चष्मा पुसला आणि परत स्क्रीनकडे वळल्या. पॅकिंगवाली जमिनीवरच भिंतीला टेकून बसली. बाई आपल्याशीच बोलत होत्या.

"मालक बरोबर. कुलूप बरोबर. रविवारी मी तपासलं तेव्हा चाललं."

"तपासलं कसं?" पॅकिंगवालीनं विचारलं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काम केलेली बाई होती ती.

"इथेच बसून. माझ्या पासवर्डनं."

"म्हणजे तुम्ही आतच बसलेल्या. बाहेरून कुणी आलं नाही?"

बाईंचे हात थांबले.

"रविवारी कोण येणार?" त्या म्हणाल्या. "फोन करून सांगावं, जरा बाहेरून आत येऊन बघता का, असं कुणी..." वाक्य त्यांनी तसंच सोडलं. मी मान खाली घातली. माझा नंबर त्यांच्याकडे अकरा वर्षं होता.

त्यानंतर त्यांनी सकाळपासूनचं सगळं बाजूला सारलं. पहारा ज्याला अडवतो त्याची एक नोंद ठेवतो. कोण आलं, काय मागितलं, त्या वस्तूवर लेबल कुठलं होतं. त्या नोंदी बाई बोट ठेवून वाचू लागल्या. दारावरच्या प्रोग्रामनं किल्लीची जोडी मागितलेली, पहाऱ्यानं नाकारलेली. लेबलाच्या जागी 'कुणाच्या खासगी फोल्डरातलं' असं हवं होतं. तिथे नुसतंच 'सर्वसाधारण' होतं, म्हणजे कुठलंच नाही. हलवताना जुनी लेबलं मागे राहिली होती. बाई स्वतः आतून गेल्या, म्हणून त्यांना ते जाणवलंच नाही.

"मिळालं!" मी म्हणालो.

"थांबा." त्यांनी लेबलं दुरुस्त करायची आज्ञा दिली. क्षणात संपली. काहीही बदललं नाही. त्यांनी पुन्हा दिली. पुन्हा तेच.

सव्वातीन झाले होते. मी शिवी घातली, मशीनला.

"त्याची चूक नाही," बाई म्हणाल्या. "ते नियमावली बघून लेबल लावतं. नियमावलीत लोकांची फोल्डरं म्हणजे जुन्या डिस्कवरची ती जागा. नवी जागा त्याच्या गावीच नाही. त्याच्या हिशेबानं सगळं बरोबरच आहे."

मग त्यांनी सावकाश एक ओळ लिहिली, की या नव्या जागेला त्या जुन्या जागेचेच नियम लावायचे. ती तीनदा वाचली. मग फक्त वकीलताईंच्या फोल्डराची लेबलं दुरुस्त करायला घेतली. या वेळी मशीनला थोडा वेळ लागला. त्या थोड्या वेळाचा मला एवढा आनंद झाला की काय सांगू.

चार वाजून दहा मिनिटांनी वकीलताईंचा फोन आला. "आत गेले! उतरतोय!" पावणेपाचला पुन्हा आला. दाखल झालं, लिफाफा बंद.

वर टाळ्या पडल्या. कुणीतरी वकीलताईंच्या नावाचा जयजयकार केला. अध्यक्षांनी जिन्यावरूनच "चला, झालं एकदाचं" म्हटलं आणि त्यांची गाडी गेली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण मला माफी मागता येत नाही. तोंडातून भलतंच निघालं. "पुढच्या वेळी रविवारी फोन करायचा. हक्कानं."

"तुम्ही फोनवर ओरडता," बाई म्हणाल्या.

पॅकिंगवाली उठून पदर झटकत होती. तिनं विचारलं, "तुम्ही खरंच नाही वाचलं?"

"नाही."

"म्हणजे माझं काय झालं, ते तुम्हाला ठाऊकच नाही?"

"नाही."

"आणि तरी दिवसभर..." तिनं स्क्रीनकडे पाहिलं. "एवढी माणसं तुमच्या हाताखालून जातात, आणि एकाचंही काही ठाऊक नाही?"

"कुणाचं लेबल चुकलंय, तेवढं कळतं," बाई म्हणाल्या, आणि ती हसली. मग तिनं बाईंचा हात दोन्ही हातांत धरला. काही सांगावंसं तिला वाटत होतं हे मलाही दिसलं. पण तिची शेवटची गाडी साडेपाचची होती, आणि बाईंनी विचारलं नाही. ती गेली.

सहाच्या सुमारास मी दिवे घालवायला खाली आलो. उरलेल्या एकशे बेचाळीस फोल्डरांची दुरुस्ती चालू होती. खरं तर फाइलमागून फाइल स्क्रीनवर सरकताना दिसली असती. बाईंनी ते दाखवणं बंद करून ठेवलं होतं. फाइलच्या नावांतही माणसांची नावं असतात. काळ्या स्क्रीनवर एक चौकोन लुकलुकत होता, आणि बाई हाताची घडी घालून त्याच्यासमोर बसल्या होत्या.

"आपोआप होईल ना? घरी जा की. काय बघताय?"

"बघण्यासारखं काही नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मला बसता येतं."

मी बाहेरून बाकाजवळची खुर्ची आणली. भिंतीला घासत ती कशीबशी आत आली. बाईंनी आपली थोडी बाजूला घेतली, आणि आम्ही न बोलता तो चौकोन बघत बसलो.