टाक्यांवरून मोजलेली कॉलनी

“ती कॉलनी संपलीय, मॅडम. तुम्ही फक्त ते नकाशावर दाखवून द्या,” डॉ. मुळे म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

स्क्रीनवर एक आलेख होता. डावीकडे उंच, उजवीकडे उतरत गेलेला. डॉक्टर एका धर्मादाय ट्रस्टचे प्रमुख. ट्रस्टचा नगरमध्ये एमआयडीसीच्या अलीकडे, शिक्षकांच्या एका जुन्या कॉलनीत दवाखाना आहे. तिथली ओपीडी वर्षागणिक घटत होती. म्हणून दवाखाना तिथून उचलून केडगावच्या पुढं, बायपासजवळच्या नव्या वस्तीत न्यायचं त्यांच्या मनात होतं. ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये मांडायला त्यांना पुरावा हवा होता.

माझं काम नगररचनेचं. शहर कुठं वाढतंय, कुठं रिकामं होतंय, हे मी आकड्यांवरून आणि नकाशांवरून शोधते. त्यासाठी जीआयएस नावाचं सॉफ्टवेअर वापरते. साधा नकाशा नुसतं घर दाखवतो. या नकाशातल्या घरामागं आपण माहिती जोडू शकतो. ते घर कधी बांधलं, किती मजले, किती माणसं. माहिती मात्र आपणच भरायची असते. ती चुकीची भरली तर नकाशाही तेवढ्याच सुंदर रंगांत चुकीचा येतो.

डॉक्टरांचं म्हणणं वरवर पटण्यासारखं होतं. मतदारयादीत कॉलनीची नावं कमी झाली होती. पुढची पिढी पुण्याला, कुणी परदेशात. जनगणना इतकी जुनी की तिचा उपयोग नव्हता. मी ऑफिसला येऊन उपग्रहाचे फोटो उघडले, एक काही वर्षांपूर्वीचा आणि एक ताजा. शेजारी शेजारी लावले.

कॉलनीत नवं बांधकाम जवळजवळ नव्हतं. पण ताज्या फोटोत गच्च्यांवर काळे ठिपके वाढले होते. झूम केलं. पाण्याच्या टाक्या होत्या. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, साठवावं लागतं. घरात माणसं वाढली की गच्चीवर टाकी वाढते. म्हातारं जोडपं एका टाकीत भागवतं. इथं एकेका गच्चीवर तीन-तीन, चार-चार टाक्या होत्या. रिकाम्या होत चाललेल्या कॉलनीत इतकं पाणी कुणासाठी साठवत होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलनीत गेले. चार टाक्यांच्या एका घराच्या गेटवर ‘भिंगारदिवे’ अशी पाटी होती. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई कढीपत्त्याला पाणी घालत होत्या.

“कोण हवंय?”

“सर्व्हे करतेय. घरात किती जण राहता?”

“मी एकटी. मिस्टर वारले. मुलगा पुण्याला असतो.”

त्यांच्या मागं अंगणभर दोऱ्या बांधलेल्या. दोऱ्यांवर निळे शर्ट वाळत होते, खिशावर कंपन्यांची नावं असलेले. मी शर्टांकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात जिन्यावरून एक तरुण बाई बादली घेऊन सावकाश उतरली. पोट दिसत होतं.

“बाई, वरची टाकी संपली ओ. मोटर लावू का?”

“माझी भाची,” भिंगारदिवे बाई मला म्हणाल्या.

मावशीला ‘बाई’ म्हणणारी भाची मी पहिल्यांदाच पाहत होते. मी मान हलवली आणि टॅबवर टाइप करायला लागले.

“काय लिहिलंस?”

“तुम्ही सांगितलंत तेच. एक माणूस.”

त्यांनी टॅबमध्ये डोकावून पाहिलं. त्यांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं होतं, हे मला नंतर कळलं.

“खोटं नको लिहू गं,” त्या म्हणाल्या.

“मग काय लिहू?”

त्यांनी नळ बंद केला. “आत ये.”

चहा घेता घेता सगळं कळलं. वरच्या दोन खोल्यांच्या चार केल्या होत्या. एकीत सविता आणि तिचा नवरा, आष्टीकडचे. बाकीच्यांत कंपनीतली पोरं. कुणी पाथर्डीचं, कुणी नांदेडचं, दोघं बिहारचे. कॉलनीत बहुतेक घरी हीच तऱ्हा. मुलं गेली, खोल्या रिकाम्या राहिल्या, एमआयडीसी चालत जाण्याएवढी जवळ. पण भाडेकरू दाखवला की घरपट्टी वाढते, करार करा, पोलिसांकडे माहिती द्या. म्हणून कुणी दाखवत नव्हतं.

“आणि मुलाला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “तो म्हणतो, एकटी राहतेस, घर विकू, इकडे ये. त्याला कळलं की मी पोरं ठेवलीत, तर तो पुढच्या रविवारी दलाल घेऊनच येईल. मला कागदावर एकटीच राहू दे. घरात नाहीये मी एकटी, तेवढं मला पुरतं.”

सविता दारात उभी होती. मी तिला विचारलं, “दवाखाना कोपऱ्यावर आहे. तिथं दाखवतेस ना?”

“न्हाई ओ मॅडम. दोघं बी सकाळच्या पाळीला. आज रविवार म्हणून घरी हाय, पर आज दवाखाना बी बंद. आमी कंपनीतून येस्तोवर त्यो बंद हुतो. मग तिकडं मेन रोडच्या डॉक्टरकडं जातो. त्यो लई घेतो. म्हणून मागच्या महिन्यात गेलेच न्हाई.”

दवाखाना सकाळी उघडायचा आणि जेवणाच्या वेळी बंद व्हायचा. पूर्वी त्या वेळात कॉलनीतली म्हातारी माणसं आणि गृहिणी यायच्या. आता ज्यांना डॉक्टर हवा ती माणसं तेव्हा मशीनवर उभी होती. डॉक्टरांचा आलेख कॉलनीची वस्ती मोजत नव्हता. तो त्यांचं स्वतःचं वेळापत्रक मोजत होता.

मी आठवडाभर कॉलनीत फिरले. चहा खूप प्यायले. कुठल्या घरात किती जण, ते हळूहळू कळत गेलं. ऑफिसात बसून मी नकाशा केला. प्रत्येक घरावर एक गोल, माणसं जास्त तर गोल मोठा. नकाशा देखणा झाला होता. बाईंच्या गच्चीवर भला मोठा लाल गोल बसला. त्या गोलाकडे पाहताना एक गोष्ट लक्षात आली. हा नकाशा ज्याच्या हातात पडेल त्याला कुणाच्या घरी किती भाडेकरू, हे घरबसल्या कळणार होतं. घरपट्टीवाल्याला, दलालाला, बाईंच्या मुलालाही.

मी गोल काढून टाकले. घराऐवजी अख्ख्या गल्लीला एक रंग दिला. दाट वस्तीची गल्ली गडद, विरळ वस्तीची फिकट. घर कुठलं, ते कळायला मार्ग नाही.

डॉ. मुळ्यांना तो नकाशा दाखवला. त्यांनी एकेका गल्लीवर बोट ठेवून तो बघितला.

“म्हणजे कॉलनी भरलेली आहे?”

“पूर्वीपेक्षा जास्त. गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्याच बघा किती वाढल्यात.”

“टाक्या तर नव्या वस्तीतही आहेत, मॅडम.”

“त्या बिल्डरनं घराबरोबरच बसवल्यात. मी तिकडेही जाऊन आले. कितीतरी रो-हाऊसना कुलूप आहे. लोकांनी पैसे गुंतवून ठेवलेत. हळूहळू राहायला येतील, पण अजून आलेले नाहीत.”

“ठीक. मग मला घरवार दाखवा, कुठल्या घरात किती माणसं ते. असे रंग बघून ट्रस्टी म्हणतील, कन्सल्टंटनं खडू फिरवलेत. घरवार असेल तर आपण वेबसाइटवर टाकू. नगरसेवकांनाही देऊ.”

“घरवार नाही देता येणार.”

“का? तुमच्याकडे आहे ना?”

“लोकांनी विश्वासानं सांगितलंय, सर. ते बाहेर गेलं तर घरमालक पोरांना बाहेर काढतील. मग तुमचा आलेख खरा होईल. कॉलनी खरंच रिकामी होईल.”

“तुम्ही क्लायंटपासून डेटा लपवताय, मॅडम.”

हे मला लागलं. कारण त्यात तथ्य होतं. कामाचे पैसे ट्रस्ट देत होता. मी म्हटलं, “माझ्यावर विश्वास ठेवूच नका. दवाखाना काही आठवडे संध्याकाळी उघडा. माणसं असतील तर येतील. नसतील तर तुमचं सामान हलवायला मी स्वतः येते.”

डॉक्टर हसले नाहीत. पण तयार झाले. संध्याकाळी बसायला दुसरा डॉक्टर मिळेना, म्हणून स्वतःच बसायला लागले.

पहिल्या संध्याकाळी कुणी आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. चौथ्या संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. “मी आणि नर्स बसलोय. पंखा फिरतोय. तुमच्या गडद गल्लीतलं कुणी दिसत नाही.”

मी तडक बाईंकडे गेले. त्यांनी गेट उघडलं, पण आत बोलावलं नाही.

“आम्ही घरमालकांनीच जाऊ नका म्हटलं सगळ्या भाडेकरूंना,” त्या म्हणाल्या. “तू आठवडाभर माणसं मोजलीस. लगेच दवाखाना संध्याकाळचा झाला. तिथं दारातच नाव-पत्ता विचारतात. आम्हाला काय कळत नाही होय?”

मी तिथंच गेटवर लॅपटॉप उघडला. रंगांचा नकाशा दाखवला. हे काय आहे, असं का केलं, डॉक्टरांशी काय वाद झाला, सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा लावला. स्क्रीनवर बोट ठेवून आपली गल्ली शोधली.

“यात माझं घर कुठंय?”

“नाहीये. गल्ली आहे फक्त.”

“क्लिक करून बघ.”

मी क्लिक केलं. गल्लीचं नाव आणि ‘दाट वस्ती’ एवढंच आलं. त्यांनी मला आणखी दोन-तीन ठिकाणी क्लिक करायला लावलं, पेपर तपासावा तसं. मग चष्मा काढला आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, “सविता, साडी बदल गं. आपल्याला जायचंय.”

मीही बरोबर गेले. काउंटरवर नर्सनं सविताचं नाव लिहिलं आणि पत्ता विचारला. सविता बाईंकडे बघायला लागली.

“माझ्या घरी राहते,” भिंगारदिवे बाई म्हणाल्या. शाळेतला आवाज होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. “वरच्या खोलीत. भाडेकरू आहे माझी. लिही.”

तपासणीत सविताचं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि दर आठवड्याला यायला सांगितलं. महिनाभर ती कुठंच दाखवायला गेली नव्हती हे ऐकून त्यांनी पुढची तारीख स्वतःच तिच्या कार्डावर लिहिली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

बाईंनी घरोघरी जाऊन सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात बाकं कमी पडायला लागली. ट्रस्टींना नकाशा दाखवायची वेळच आली नाही. डॉक्टरांनी त्यांना संध्याकाळी दवाखान्यातच बोलावलं. दवाखाना कॉलनीत राहिला, वेळ बदलली. नव्या वस्तीत आठवड्यातून एकदा फिरत्या दवाखान्याची गाडी पाठवायचं ठरलं. तिथं राहायला आलेल्या मोजक्या कुटुंबांना रोजचा दवाखाना हवा होता. त्यांना तो मिळाला नाही. त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी फोन करून मला बरंच सुनावलं. मी ऐकून घेतलं. त्यांच्या बाजूनं बघितलं तर ते चूक नव्हते.

बाईंनी मुलाला स्वतःच फोन करून सांगितलं. तो चिडला, आला, वरच्या पोरांबरोबर जेवला, आणि दलाल न आणता परत गेला. घरपट्टी बाईंनी रीतसर बदलून घेतली. बाकीच्या घरांचं मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

सविताला मुलगी झाली. माहेरून परत आल्यावर थोड्याच महिन्यांत नवऱ्याला चाकणला काम लागलं आणि ती दोघं गेली. त्या खोलीत आता परभणीचं एक जोडपं राहतं. दर वर्षी मी कॉलनीचा नकाशा अपडेट करते. गल्लीचा रंग होता तसाच आहे, गडद. सविता होती आणि गेली, यातलं काहीच त्यात दिसत नाही. दिसू नये म्हणूनच मी तो तसा काढला होता. आकडा स्थिर असला म्हणजे वस्ती स्थिर आहे असं नाही, एवढं रिपोर्टच्या तळाशी एका ओळीत लिहिते. ती ओळ सहसा कुणी वाचत नाही.