सरांच्या बोर्डाचं प्रूफ

आज सरांच्याच श्रद्धांजलीचा बोर्ड मला करावा लागला.

लई दमलोय. पण लिहिल्याशिवाय बरं वाटणार न्हाई.

मुरुडमध्ये माझं फ्लेक्सचं दुकान. मल्लिनाथ सर रिटायर झालेले इंग्रजीचे मास्तर. रोज दुपारी चहाला यायचे, स्टुलावर बसायचे अन् छापायला जाणारं सगळं तपासायचे.

"वेलकममध्ये एल एकच. दोन लावले म्हणून पाव्हणे जास्त येत न्हाईत."

"सेपरेटमध्ये दोन्ही ए आत, दोन्ही ई बाहेर. एवढं ध्यानात ठेव."

"कॉन्ग्रॅच्युलेशन्समध्ये डी कुठून आणलास? टी हाय तिथं."

मी वैतागायचो. गिऱ्हाईक खोळंबलंय अन् हे चष्मा पुसत बसलेत.

सर इंग्रजी शब्द शेवटून वाचायचे, एकेक अक्षर. सरळ वाचलं की डोळे चूक गिळतात म्हणे. अन् ज्यानं टाइप केलं त्यानं तपासायचं न्हाई, दुसऱ्याचे डोळे पाहिजेत. हा दुकानाचा नियमच झाला.

आज पहाटे सर गेले.

त्यांचा पुतण्या फोनवर म्हणाला, "दादा, वर लिंगैक्य लिहा अन् खाली इंग्लिशमध्ये रेस्ट इन पीस."

ह्या पीसवर सर लई चिडायचे. लोक शांतीच्या जागी तुकडा छापून घेतात म्हणायचे.

टाइप केलं. पण प्रिंट देववेना. पुतण्याला डिझाइन पाठवलं, त्यानं न बघताच अंगठा टाकला.

सरांच्याच बोर्डात चूक गेली असती, तर बोर्ड लागणाऱ्या चौकातून मी कोणत्या तोंडानं गेलो असतो?

शेवटी मोबाइल घेऊन त्यांच्या घरी गेलो.

आम्हा लिंगायतांत माणूस गेला की लिंगैक्य झाला म्हणतात, अन् त्याला बसवतात. सर ओसरीवर बसलेले. कपाळाला विभूती, गळ्यात हार. दुकानात बसायचे तसेच.

माझा हात आपसूक पुढं गेला. मोबाइल सरांसमोर धरून उभा राहिलो. लोक बघाय लागले.

सरांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, तो हळूच काढून घेतला.

"काकू, इंग्रजी हाय."

"असू दे. वाचता येत न्हाई, पण अक्षरं येतात. रोज जेवताना ह्यांचं शेवटून स्पेलिंगच तर चालायचं."

काकूंनी डोळे पुसले अन् शेवटून सुरू केलं. "ई. सी. ए. ई. पी."

अख्खी ओळ झाली तशा म्हणाल्या, "बरोबर हाय, संतोष. छाप."

मी तिथंच खाली बसून रडलो.

सर, बोर्ड चौकात लागलाय. काकूंनी तपासलाय.

आता निवांत ऱ्हावा.